एनिडला आलेली मागणी

'वेका' बोट, लाउटोका बंदर, फिजी
१० जून १९८४

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात समजून घे. माझ्या वाट्याला झोपायला जी फळी आली आहे तिच्यावर पाय लांब केले, तर ते डेसच्या नकाशांच्या कप्प्यात जातात.

सुखरूप पोहोचले. विमानात शेजारच्या माणसाच्या खांद्यावर झोपले नाही, एवढं तुला आधी सांगून टाकते. डेस न्यायला आला होता. तीन वर्षं बोटीवर राहून माझा मुलगा खारवलेल्या माशासारखा झालाय, पण हसला की हॅरोल्डच हसतोय असं वाटतं. सूनबाई छान आहेत. ग्लेनिसने माझ्यासाठी फळीला पडदा शिवलाय. त्यावर बदकं आहेत. पडदा ओढला की मी माझ्या खोलीत, असं मानायचं.

बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या डेसने मला नियम ऐकवले. गोडं पाणी फक्त पिण्यासाठी आणि दात घासण्यासाठी. भांडी समुद्राच्या पाण्याने. भांड्यांचं पाणी फेकण्याआधी त्यात चमचे राहिलेत का ते बघायचं. हा नियम मला भांड्यांचं पाणी फेकून झाल्यावर सांगितला, त्यामुळे चहाचे दोन चमचे आता बंदराच्या तळाशी आहेत. संडासात एक दांडा आहे, तो इतक्या वेळा हापसायचा की कशासाठी आत गेलो होतो तेच विसरायला होतं. पण ताई, काल अंधारात हापसलं तर भांड्यातल्या पाण्यात हिरव्या ठिणग्या उठल्या. समुद्रातले चमकणारे जीव म्हणे. मी उगाचच आणखी थोडा वेळ हापसत राहिले. बाहेरून डेसने काळजीने विचारलं, पोट बरं आहे ना.

सगळ्यात कडक नियम कागद-पुठ्ठ्याचा. त्यात झुरळांची अंडी असतात, आणि एकदा का झुरळं बोटीवर चढली की आपण त्यांचे पाहुणे. माझ्या बुटांचा खोका, तू दिलेला बिस्किटांचा पुडा, इतकंच काय, अर्धवट वाचलेलं मासिकसुद्धा सूनबाईंनी धक्क्यावरच काढून घेतलं. डेसच्या वाढदिवसाचा केक तेवढा बचावला, कारण तो पत्र्याच्या डब्यात होता.

आता गंमत ऐक. आज ती दोघं बाजारात गेली तेव्हा मी पुढचा कप्पा आवरायला घेतला. दोरखंडांच्या मागे काय असावं? चांगलं जाडजूड वर्तमानपत्राचं पुडकं, आणि आत मातीने भरलेली, वाळकी, केसाळ मुळं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी ते पुडकं उचलून समुद्रात सोडलं आणि कप्पा पुसून घेतला. कुणाला बोलले नाही. चांगलं काम करून बोभाटा करू नये, ही तुझीच शिकवण.

कळावे. लोभ बेताने पाठव, इथे सामान ठेवायला जागा नाही.

तुझी,
एनिड


नेल्सन
२० जून १९८४

चि. एनिड हिस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक तुझ्या चमच्यांना.

तुझं पत्र आलं. संडासाच्या भांड्यात तारे बघायला माणूस हजार मैल जातो हे मला आता कळलं. आपल्या दक्षिणेकडे हिवाळा लागलाय, दहिवर पडतंय. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय असते आणि ती फोडायचं काम आता माझं. कोंबड्या ठीक आहेत. त्या तुला विचारत नाहीत.

हॅरोल्ड गेल्यावर तू माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा मी म्हटलं होतं, बिनलग्नाची मी इतकी वर्षं एकटी राहिले, मला सोबतीची सवय नाही, तू फार बडबड करू नकोस. तू माझं ते म्हणणं कधीच मनावर घेतलं नाहीस. सध्या घर कसं शांत आहे. रेडिओवर मला हवा तो कार्यक्रम लागतो. कालच तासभर सतारीसारखं काहीतरी परदेशी वाद्य ऐकलं. कुणी बंद कर म्हणालं नाही, म्हणून शेवटी मीच बंद केलं.

मुळांबद्दल तू केलंस ते योग्यच. फक्त डेसला न सांगता केलंस हे मला थोडं खटकतं, पण तुझा मुलगा लहानपणीसुद्धा खिशात मुळं-दगड भरून आणायचा, तेव्हा त्याला सवय असेल.

तुझं परतीचं विमान ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. मला घाई नाही. सहज लिहिलं.

लोभ पूर्वीइतकाच आहे, त्यात वाढ करण्याचं काही कारण दिसत नाही.

तुझी,
थेल्मा


'वेका', नासोलो गावाजवळ, यासावा बेटे
१ जुलै १९८४

ती. थेल्मामावशीस,

सा. न. वि. वि. हे पत्र वाचून झालं की शेगडीत टाक, आणि मी ते लिहिलं होतं हे आईला कळू देऊ नकोस.

मी तक्रारखोर माणूस नाही हे तुला ठाऊक आहेच. (ग्लेनिस मागे उभी राहून वाचतेय आणि हसतेय.) पण मावशी, आमची बोट म्हणजे तुझ्या घराचा व्हरांडा. त्यात आता आई आहे. तिने केबिनच्या तळफळ्यांना घरून आणलेलं मेण चोळून लकाकी आणली. बोट कलली की मी आणि ग्लेनिस या कडेपासून त्या कडेपर्यंत बसल्या बसल्या जातो. केळ्यांचा अख्खा घड तिने बाजारातून घेतला, तो एकाच दिवशी पिकला. गेला आठवडाभर आम्ही केळ्याची भाकरी, केळ्याचं पुडिंग आणि केळ्याची कढी खातोय. हे सगळं मी सोसलं असतं.

झालं असं. आम्ही नासोलोच्या खाडीत नांगर टाकला. इथे गावात पाय ठेवण्याआधी यांगोनाच्या वाळलेल्या मुळांची जुडी गावच्या प्रमुखापुढे ठेवायची असते. खाडी त्यांची, मासे त्यांचे, पुळण त्यांची. ती जुडी त्यांनी स्वीकारली की आपण त्या गावची माणसं झालो. मग आपल्या बोटीला कुणी हात लावत नाही, आजारी पडलो तर आपल्याला उचलून नेतात. जुडी न देता उतरणं म्हणजे लोकांच्या घरात न विचारता शिरून त्यांच्या चुलीपाशी ऐसपैस बसणं. लाउटोकाच्या बाजारात तासभर पारखून मी एक चांगली जुडी घेतली होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या कप्प्यात ठेवली होती.

पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल. मला वाटतं तुला ते माझ्या आधीच कळलं होतं.

आम्ही दोघांनी बोट उलटीपालटी केली. किनाऱ्यावर प्रमुखाच्या वतीने बोलणारा माणूस येऊन उभा, मागे अर्धं गाव. आईने लोकरीचं विणकाम बाजूला ठेवून शांतपणे विचारलं, ती वर्तमानपत्रातली घाण शोधताय का. ती तर तिने कधीच टाकली. आणि एवढ्या नियमांच्या बोटीत ती आलीच कशी, असंही वर विचारलं. ग्लेनिसने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते, पण ती रडत नव्हती.

परत फिरावं म्हटलं तर वारा पडलेला आणि लोक बघतायत. तेव्हा आई म्हणाली की रिकाम्या हाताने जायचं नाही एवढंच ना, मग त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे. तिने माझ्या वाढदिवसाचा केक डब्यातून काढला, स्वच्छ टॉवेलात बांधला आणि वर तिच्या झग्याची निळी फीत बांधली.

प्रमुखांच्या घरात आम्ही मांडी घालून बसलो. प्रमुख रातू तेविता (इथे मानकऱ्याला रातू म्हणतात आणि त्याच्या घरच्या बाईला अदी) साठीचे, भरदार, रविवारी चर्चमध्ये उपदेश करणारे. मी पाठ केलेले शब्द घोगऱ्या आवाजात म्हटले आणि केक पुढे सरकवला. त्यांच्या बोलणाऱ्या माणसाने गाठोडं उचललं, वजन जोखलं, वास घेतला, आणि पुन्हा एकदा वास घेतला. मावशी, मला आयुष्यात इतकी भीती वादळातही वाटली नाही. मग त्याने भाषण केलं. दूर दक्षिणेच्या थंड देशातून आलेली ही जड वस्तू आम्ही स्वीकारतो, असं तो म्हणाला. मग यांगोनाची मुळं कुटून केलेलं पेय जसं मानाच्या क्रमाने वाढतात तसा तो केक वाढला. प्रत्येकाने आधी एक टाळी वाजवायची, तुकडा एका घासात संपवायचा, मग बाकीच्यांनी तीन टाळ्या वाजवायच्या. ब्रँडीत महिनाभर भिजलेला फळांचा केक एका घासात. रातू तेवितांनी डोळे मिटले आणि विचारलं, हा वास कसला. आई म्हणाली, टिकण्यासाठी औषध घातलंय. त्यांनी आणखी एका तुकड्याचं औषध घेतलं.

सर्वांत जास्त खुश झाल्या त्या त्यांच्या थोरल्या बहीण अदी वासिती. आईएवढ्याच वयाच्या, पुढचे दोन दात नाहीत, आणि गावात त्यांच्या शब्दापुढे खुद्द प्रमुखांचंही काही चालत नाही. त्यांनी आईला शेजारी बसवून घेतलं, आणि तेव्हापासून आई रोज सकाळी होडीने किनाऱ्यावर जाते ती दिवेलागणीला येते. आल्यावर मला सांगते की माझा नांगर चुकीच्या जागी पडलाय, असं वासिती म्हणते.

मावशी, तू काहीतरी कर. तुझ्या शब्दाबाहेर ती नाही. काही निमित्त काढून तिला ऑगस्टच्या आधीच बोलावून घे. मी तिचा मुलगा आहे, मला तिला जा म्हणता येत नाही.

लोभ आहेच, मदतही असावी.

तुझा,
डेस

ता. क. ग्लेनिस म्हणते, सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत, पण कढी चांगली झाली होती.


नेल्सन
११ जुलै १९८४

चि. डेस यास,

अनेक उत्तम आशीर्वाद आणि थोडी कीव.

तुझं पत्र शेगडीत टाकलं. त्याआधी तीनदा वाचलं. टाळ्यांचा भाग दोनदा जास्त.

तुझी अडचण कळली. तुझं नि माझं काम एकच आहे, तेव्हा आभार मानू नकोस. आजच तिला वेगळं पत्र टाकते आहे. ते वाचून ती पोहत निघाली तर तिला अडवू नकोस.

तुझी,
मावशी


नेल्सन
११ जुलै १९८४

चि. एनिड हिस,

अनेक आशीर्वाद. काळजी करू नकोस, असं सुरुवातीलाच लिहिते, म्हणजे तू करशील.

इथे सगळं ठीक आहे. तुझ्या खोलीवरचं छप्पर गळायला लागलंय, पण तुझ्या बिछान्यावर बादली ठेवली आहे. कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलंय. डॉक्टर म्हणाले, त्या उदास आहेत. माझा उजवा गुडघा इतका दुखतो की परवा फाटकापर्यंत जाऊन परत यायला मला शेजाऱ्यांचा हात धरावा लागला. पण तू मजेत असशील, तेव्हा हे सगळं तुला लिहून मन खट्टू करणार नव्हते.

आणखी एक. चर्चमधली फुलांची सजावट तू नाहीस म्हणून मिसेस प्रिंगलकडे दिली आहे. गेल्या रविवारी तिने प्लॅस्टिकची ग्लॅडिओली ठेवली होती. लोक छान म्हणाले.

विमान कंपनीत चौकशी केली. तारीख अलीकडे आणता येते.

लोभ आहे, गुडघा नाही.

तुझी,
थेल्मा


नासोलो
२४ जुलै १९८४

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आता साष्टांग खरोखर घालता येतो, कारण मी हे चटईवर पालथी पडून लिहिते आहे. शेजारी वासिती घोरते आहे.

तुझं पत्र वाचून मी आणि वासिती इतकं हसलो की तिच्या नाती बघायला आल्या. ताई, गेली वीस वर्षं तुझा डावा गुडघा दुखतो. कोंबड्यांना डॉक्टर दाखवणारी बाई तू नव्हेस. आणि छप्पर मी इकडे येण्याआधीच आपण दोघींनी उभं राहून नवीन करून घेतलंय. मिसेस प्रिंगलचं मात्र खरं असणार, असं धाडस तुला सुचणार नाही. एक रात्र मला झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री लागली. मग मला स्वतःचंच नवल वाटलं.

इथे काय करते म्हणून विचारशील. केवड्यासारखी एक पात असते. ती उकळून, वाळवून, शंखाने घासून मऊ करायची आणि चटया विणायच्या. पहिल्या दिवशी मी विणलेलं वासितीने उचलून धरलं आणि म्हणाली, यात मासे चांगले सापडतील. आता ती नुसतं उसवते, बोलत नाही. मी त्यांना तव्यावर स्कोन भाजायला शिकवलं. पिठात सोनकिडे होते, पण ते वर तरंगले की काढता येतात, हेही मला आता येतं.

इथली आणखी एक रीत भारी आहे. आपल्या माणसाकडे एखादी वस्तू उघडपणे मागितली की त्याने नाही म्हणायचं नाही. मात्र आज ज्याने दिलं तोही उद्या मागू शकतो. परक्याकडे मागत नाहीत. पण तो केक स्वीकारल्यापासून आम्ही त्यांचे नातलग झालो, त्यामुळे वासितीने ग्लेनिसकडे लाल बादली मागितली. दुसऱ्याच दिवशी ग्लेनिसने तिच्याकडे कोंबडी मागितली. सूनबाईंना ही रीत चटकन कळली. डेसने आतापर्यंत एक चाकू, एक दोरी आणि त्याची आवडती टोपी दिली आहे. त्याला उलट मागायला लाज वाटते.

ताई, खरं सांगू का. हॅरोल्ड गेल्यापासून मी खुर्चीतून उठताना काहीतरी धरून उठायची. तू ते पाहायचीस आणि दुसरीकडे बघायचीस, ते मला कळायचं. इथे जमिनीवरून उठावं लागतं आणि धरायला काही नसतं. मी उठते. मला इथे इतकं बरं वाटतंय की तुला ते लिहायची भीती वाटते.

वासितीने विचारलं की ऑगस्टनंतरही राहशील का. मी म्हटलं, माझ्या मुलाने तिकीट काढलंय आणि बहीण वाट बघते, मी काय बोलणार. मग सहज एवढंच म्हटलं, की माझ्या मुलाला कुणाला नाही म्हणणं फार जड जातं. बाकी काही बोलले नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझी,
एनिड


'वेका', नासोलो
३ ऑगस्ट १९८४

ती. थेल्मामावशीस,

सा. न. वि. वि. आईला मागणी आली. घाबरू नकोस, लग्नाची नाही. ती परवडली असती, नवऱ्याला निदान नकार देता येतो.

काल पंचक्रोशीतून पाहुणे आले होते, जेवण होतं. रातू तेविता, बोलणारा माणूस, सगळं गाव बसलेलं. अदी वासिती उठल्या, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या की त्या माझ्याकडे माझी आई मागतात. घरात नव्या चटया विणायच्या आहेत, तेवढ्या होईपर्यंत. मी आईकडे पाहिलं. ती छताचे वासे मोजत होती. मी रातू तेवितांकडे पाहिलं. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू या बहिणीने त्यांच्याकडेही लहानपणापासून बरंच काही मागितलंय. मी हो म्हणालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, चटया किती. अदी वासिती म्हणाल्या, ते देवाला ठाऊक, पण घर मोठं आहे.

आईने आपलं गाठोडं उचललं आणि संध्याकाळीच त्यांच्या घरी गेली. बदकांचा पडदाही नेला.

आता मी जे लिहिणार आहे त्यावर तू हसणार. आज सकाळी मी उठलो तर फळी रिकामी. कुणी मला सांगितलं नाही की मी कॉफीत पाणी जास्त घालतो. मी नांगर दुसऱ्या जागी टाकला, तिने सांगितलं होतं तिथे. तो घट्ट बसला. ते सांगायला मी मागे वळलो आणि मागे कुणी नव्हतं. मी तुला तिला बोलावून घे म्हणून लिहिलं होतं, ते मागे घेतो आणि तेच पुन्हा लिहितो, पण वेगळ्या कारणासाठी. तिचं तिकीट वाया जाणार. नोव्हेंबर उजाडला की इथे वादळांचे दिवस सुरू होतात, तेव्हा आम्हाला दक्षिणेकडे निघावंच लागेल. चटया संपल्या नाहीत तर ती इथेच राहायची म्हणते. आणि मी सगळ्या गावासमोर हो म्हटलंय.

आता तूच काय ते कर.

तुझा,
डेस


नेल्सन
१५ ऑगस्ट १९८४

अदी वासिती यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि. आपली ओळख नाही. एनिडची थोरली बहीण ती मी. माझी ओळख तुम्हाला गुडघ्यावरून असेल.

काल एनिडचं विमान आलं आणि त्यात एनिड नव्हती. नसणार हे माझ्या भाच्याने आधीच कळवलं होतं. तरी मी विमानतळावर गेले. का गेले ते मला सांगता येत नाही. चांगली टोपी घालून गेले.

तुमच्या बेटावरची रीत मला एनिडच्या पत्रातून कळली. आपल्या माणसाकडे मागितलं तर तो नाही म्हणत नाही. एनिड तुमची झाली असेल तर तिची बहीणही थोडीफार तुमची होत असावी. चुकत असेन तर हे पत्र फाडून टाका.

मी तुमच्याकडे माझी बहीण मागते.

आधी मी तिला खोटंनाटं लिहून बोलावलं, ते जमलं नाही. आता खरं लिहिते. ती माझ्याकडे राहायला आल्यापासून आम्ही दोघी रोज भांडत होतो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, चहा किती वेळ मुरू द्यायचा, आमच्या वडिलांच्या घोड्याचं नाव काय होतं. ती गेल्यापासून प्रत्येक भांडण मीच जिंकते आहे. खिडकी बंद असते, चहा मुरलेला असतो, आणि घोड्याचं नाव मला हवं तेच आहे. तुम्ही मोठ्या बहीण आहात, तुम्हाला सांगायला नको, धाकट्याशिवाय जिंकण्यात काही चव नसते. मला तिच्याशिवाय करमत नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

एनिड तिथे बरी आहे, जमिनीवरून आपली आपण उठते, असं तिने लिहिलंय. त्यासाठी मी तुमची फार ऋणी आहे. तरीही मागते.

लोभ मागायला अजून हक्क नाही, पण असावा.

आपली,
थेल्मा


नासोलो
२९ ऑगस्ट १९८४

थेल्माबाईंस,

वासितीचा नमस्कार.

तुमचं पत्र नारळ न्यायला येणाऱ्या बोटीने आलं. मिशनच्या शाळेत मी लिहाय-वाचायला शिकले, म्हणून कुणाकडून वाचून घ्यावं लागलं नाही. ते मी एनिडला दाखवलेलं नाही. तिला इतकंच सांगितलं की तुझी बहीण तुला मागते. तिने हातातली पात खाली ठेवली आणि म्हणाली, खोटं आहे, थेल्मा कुणाकडे काही मागत नाही. मग तोंड धुवायला बाहेर गेली. तोंड धुवायला तिला हल्ली इतका वेळ लागत नाही.

तुम्ही रीत बरोबर ओळखली. तुम्ही मागितलंत, मी नाही म्हणू शकत नाही. एनिड तुमची. घेऊन जा.

पण रीतीचा अर्धा भाग तिने तुम्हाला लिहिलेला दिसत नाही. मागितलेली वस्तू बोटीने पाठवत नाहीत. ज्याने मागितली त्याने स्वतः येऊन हातातून घ्यायची असते. माझा भाऊ म्हणतो, अशी काही रीत नाही. तो माझ्याहून लहान आहे.

आणि ज्याने दिलं तोही मागू शकतो. चटया अजून संपलेल्या नाहीत. एनिड विणते त्यातलं निम्मं मला उसवावं लागतं, तेव्हा मला उसवायला दोन हात हवे आहेत. ती म्हणते, तिच्या कामात खोट काढायला तुमच्यासारखं कुणी नाही. म्हणून आता मी तुमच्याकडे तुमचे हात मागते. दोन्ही. ते एकटे येणार नाहीत, तुम्हालाही यावं लागेल. वादळांचे दिवस लागण्याआधी तुमचा भाचा तुम्हा दोघींना विमानापर्यंत पोहोचवेल. तेही मी त्याच्याकडे मागून ठेवलंय.

तुम्ही थोडीफार नव्हे, पुरती आमची झालात. तेव्हा नाही म्हणू नका.

वासिती


नेल्सन
१० सप्टेंबर १९८४

चि. एनिड हिस,

आशीर्वाद उभ्या उभ्याच देते आहे, ट्रंक भरायची आहे.

नऊ वर्षांची असताना सहलीच्या फेरीबोटीवर मला जी उलटी झाली, त्यानंतर मी पाण्यात पाऊल घातलेलं नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या मैत्रिणीला ते माहीत नाही, की तू सांगितलंस आणि तरी तिने मागितलं, हे मला कळलेलं नाही. ही बाई मला अजिबात आवडलेली नाही. भेटायची फार उत्सुकता आहे.

कोंबड्या मिसेस प्रिंगलकडे सोपवल्या. तिने आनंदाने घेतल्या, तेव्हा ती चांगली बाई असावी असा मला आता संशय येतो. डेसला कळव की मला बोटीवर झोपायला फळी नको, मी तुमच्याबरोबर चटईवर झोपेन. पुठ्ठ्याचं काही आणत नाही. गुडघा आणते, डावा.

मी पुढच्या शनिवारी विमानाने येते आहे, तिथून लाउटोकाच्या धक्क्यावर येईन. गर्दीत मी तुला ओळखणार नाही असं डेस म्हणतो, तू फार काळी आणि बारीक झालीस म्हणे. मी ओळखीन. तू मात्र धक्क्यावर पुढे उभी राहा आणि कुणाचा हात धरू नकोस, मला बघायचंय.

आणि घोड्याचं नाव कॅप्टन होतं. बाकी भांडण समक्ष.

तुझी,
ताई